वाढत्या वयाचं मैदान

पालकसभेत अभ्यासाचं बोलून झालं की एखादे वडील हळूच क्रीडाखोलीकडे वळायचे आणि दारातूनच विचारायचे, "सर, पोरगा बास्केटबॉल खेळला तर उंची वाढेल ना?" आई आली तर प्रश्न बहुधा मुलीचा असायचा, "कबड्डी खेळून अंग राठ तर होणार नाही ना हिचं?" माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. या दोन प्रश्नांइतका दुसरा कुठलाही प्रश्न मला विचारला गेला नाही. सुरुवातीची काही वर्षं मी पहिल्या प्रश्नाला ठामपणे 'हो' म्हणत होतो. ते उत्तर चुकीचं होतं, आणि ते दुरुस्त करावं या इच्छेतूनच हे पुस्तक सुरू झालं.

खेळल्याने उंची वाढत नाही. मूल किती उंच होणार हे आई-वडिलांकडून आलेला वारसा, गर्भातलं आणि पहिल्या काही वर्षांतलं पोषण, लहानपणची आजारपणं आणि शरीरातली संप्रेरकं ठरवतात. बास्केटबॉलचे खेळाडू उंच दिसतात, कारण उंच मुलांनाच आपण त्या संघात घेतो. मल्लखांबावरची मुलं बुटकी दिसतात, कारण आटोपशीर अंगाच्या मुलाला तो खेळ सोपा जातो आणि तोच त्यात टिकतो. खेळाने शरीर घडवलं की शरीर पाहून आपण खेळ दिला, हा गुंता सोडवल्याशिवाय या विषयावर धड बोलताच येत नाही. शाळेच्या संघातली मुलं आणि बाकावर बसणारी मुलं शेजारी उभी करून "बघा, खेळाने काय फरक पडतो" असं म्हणणं सोपं आहे. मीही स्नेहसंमेलनात तसं म्हटलेलं आहे. पण संघातली मुलं मुळातच दणकट म्हणून निवडलेली होती, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नव्हतं.

मग खेळाने नेमकं काय होतं, हे कळणार कसं? याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर टेनिसपटूंच्या हातात सापडलं. टेनिस खेळणारी व्यक्ती एका हाताने हजारो फटके मारते, दुसरा हात त्या मानाने रिकामाच असतो. दोन्ही हातांना अन्न तेच, रक्त तेच, आई-वडीलही तेच. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडं मोजली. रॅकेटच्या हाताचं हाड जास्त भरीव निघालं. तसं ते निघणार हे अपेक्षितच होतं. खरी गोष्ट पुढे आहे. ज्यांनी पाळी सुरू होण्याच्या आधी किंवा त्या सुमाराला खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्या दोन हातांमधला फरक उशिरा खेळू लागलेल्यांपेक्षा सुमारे दुप्पट होता. म्हणजे हाड खेळाला दाद देतं, आणि वाढीच्या वयात ते जास्त दाद देतं. इथे निवडीचा गुंता उरत नाही, कारण तुलना त्याच बाईच्या दोन हातांची आहे.

कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाने १९९१ पासून तीच ती मुलं वर्षानुवर्षं मोजली. त्यातून कळलं की माणसाच्या प्रौढ हाडांत जेवढं खनिज असतं, त्याचा सुमारे चौथा हिस्सा वाढीच्या झपाट्याच्या आसपासच्या अवघ्या दोन वर्षांत जमा होतो. आयुष्यभराच्या शिलकीतला पाव भाग दोन वर्षांत! मुलींचा हा झपाटा साधारण बाराव्या वर्षी येतो, मुलांचा चौदाव्या, आणि हाडं भरण्याचा जोर त्यानंतर काही महिन्यांनी. आपल्या शाळेच्या भाषेत बोलायचं तर मुलींची सातवी-आठवी आणि मुलांची आठवी-नववी.

आता आपल्याकडे याच इयत्तांत काय होतं ते पाहा. आठवीत शिष्यवृत्तीचे जादा तास लागतात. नववीत दहावीचा क्लास सुरू होतो. मुलीला पाळी आली की तिची आई मैदान बंद करते. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या सरांना दिला जातो आणि तो परत मागायला कुणी येत नाही. शरीर ज्या दोन-तीन वर्षांत उभ्या आयुष्याची पुंजी बांधत असतं, नेमकी तीच वर्षं आपण मुलाला बाकावर बसवून ठेवतो. या पुस्तकात पुढे जे जे आहे, ते सगळं या एका दुखण्यापाशी येऊन थांबतं.

आमच्या क्रीडाखोलीच्या भिंतीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा काढलेल्या होत्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा फेब्रुवारीत मी प्रत्येक तुकडीची मापं घ्यायचो. चपला बाहेर, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर लाकडी फळी. वहीत नुसते आकडे दिसायचे, पण भिंतीपाशी उभ्या मुलाकडे पाहिलं की त्या आकड्यांमागचं दिसायचं. वाढ सगळीकडून एकदम होत नाही. आधी पाऊल वाढतं. जूनमध्ये घेतलेला बूट दिवाळीला चावायला लागतो, तेव्हा समजावं की पोरगा निघाला. मग पाय लांब होतात, मग धड. स्नायूंचं बळ सगळ्यात शेवटी, मुलांमध्ये तर उंचीच्या झपाट्यानंतर जवळजवळ वर्षभराने येतं. मधल्या काळात लांब झालेले पाय हलवायला पुरेशी ताकद नसते आणि मेंदूला नव्या लांबीचा अंदाज आलेला नसतो.

सहावीत आमच्या खो-खोच्या संघात एक पोरगा होता. पळतीला त्याच्यासारखा दुसरा नव्हता. खांबाला हात लावून असा वळायचा की पाठलाग करणारा पुढे निघून जायचा. आठवीत त्याची उंची वर्षभरात नऊ सेंटिमीटरने वाढली आणि तोच मुलगा पाटी ओलांडताना पायात पाय अडकून पडू लागला. बसलेल्या गड्याच्या पाठीवर आदळू लागला. बरोबरची पोरं हसायची. तो म्हणाला, "सर, माझं काहीतरी बिघडलंय." काही बिघडलेलं नव्हतं. मी त्याला संघातून काढलं नाही, एवढी एक गोष्ट माझ्या हातून नीट झाली. दीड वर्षाने त्याचं वळणं परत आलं, पहिल्यापेक्षा जोरकस.

दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत मात्र मी चुकलो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणून तो रोज सांगत होता. तिथे हाताला लागेल असं टेंगूळही आलं होतं. "पळून मोकळं होईल," असं म्हणून मी त्याला पळवत राहिलो. वाढत्या वयात नडगीच्या वरच्या टोकाला, मांडीच्या स्नायूचा कंडरा जिथे चिकटतो तिथे, हाड अजून कूर्चेचं असतं. उड्या आणि धाव यांनी तो कंडरा तिथे सारखा खेचत राहतो. हे दुखणं खेळणाऱ्या मुलांत नेहमीचं आहे आणि थोडं थांबलं, उड्या कमी केल्या की बहुतेकांचं बरं होतं. पण थांबावं लागतं. मी त्याला थांबू दिलं नाही, आणि तो खेळापासूनच दूर गेला. टाचेचं दुखणंही असंच असतं, ते थोडं लहान वयात येतं. मनगट मोडण्याचं प्रमाण याच वर्षांत जास्त का असतं, याचंही उत्तर इथेच आहे. हाड लांब आधी होतं आणि भरतं नंतर. मधल्या काही महिन्यांत ते कच्चं असतं. हे सगळं शिक्षकाला ठाऊक असायला हवं, म्हणून या विषयाला पुस्तकात दोन प्रकरणं दिली आहेत.

शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. जन्मतारखेचा दाखला तपासला की न्याय झाला असं आपण मानतो. पण तेरा वर्षांची दोन मुलं भिंतीपाशी उभी करा. एकाला मिसरूड फुटलेलं असतं, खांदे रुंद झालेले असतात, आवाज फुटलेला असतो. दुसरा अजून पाचवीतला वाटतो. दोघांचा दाखला एकाच महिन्याचा. तालुक्याच्या स्पर्धेसाठी कोण निवडला जाणार हे सांगायची गरज नाही. उशिरा वाढणारा मुलगा अठराव्या वर्षी पहिल्याच्या बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. पण तोवर त्याने मैदान सोडलेलं असतं, कारण तेराव्या वर्षी आपण त्याला "तुझ्यात ताकद नाही" असं सांगितलेलं असतं. कबड्डीत तर किशोर आणि कुमार गटांना वजनाची मर्यादा असते. वजन करायच्या आदल्या दिवशी पोरं जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, उन्हात जाडे कपडे घालून धावतात. हाडं आणि स्नायू बांधण्याच्या वयात उपाशी राहून मिळवलेल्या ढालीला मी मान देऊ शकत नाही. जो मार्गदर्शक हे करायला लावतो, त्याने या वयाच्या मुलांना शिकवू नये.

"आमचा बारीक आहे, त्याला कशाला हवा व्यायाम? जाड पोरांना पळवा की." हे वाक्यही पुष्कळदा ऐकलं. त्याचं उत्तर पुण्यातच सापडतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण वजनात इतका फरक असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक आणि आतून चरबीचं, असं हे आपलं शरीर आहे, आणि आपल्याकडे मधुमेह लवकर का गाठतो याचा एक धागा इथे आहे. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते केले, तेव्हा जादा वजनाची रेषा प्रौढांच्या २३ या बीएमआयशी, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या अंकाशी, जुळवली. जगभर ती २५ शी असते. काट्यावर कमी भरणाऱ्या मुलालाही स्नायू हवेत, आणि ते धावण्या-उड्या मारण्यातून, ओढण्या-ढकलण्यातून येतात. बारीक मुलाला मैदानाची गरज जाड मुलाइतकीच आहे.

किती खेळावं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी सांगितलेलं माप असं आहे: दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडांना आणि स्नायूंना जोर लावणारं काही. अकरा ते सतरा वयाची जगातली ८१ टक्के मुलं-मुली एवढंही हलत नाहीत, असं १४६ देशांच्या २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवरून दिसलं. मुलींचं प्रमाण ८५ टक्के होतं.

आमच्याकडे तास आठवड्याला दोन, पस्तीस मिनिटांचे. एकदा मी ठरवून संपूर्ण तासभर एकाच मुलावर घड्याळ धरलं. वर्ग क्रिकेट खेळत होता. तो मुलगा रांगेत उभा राहिला, मग सीमेवर उभा राहिला, एकदा चेंडू आणायला गेला, आणि फलंदाजीची पाळी यायच्या आत घंटा झाली. सगळं मिळून तो जेमतेम पाच-सहा मिनिटं हलला होता. त्या दिवसापासून मी तासाला क्रिकेट बंद केलं. क्रिकेटवर माझा राग नाही, संध्याकाळी खुशाल खेळावं. पण साठ मुलं, एक चेंडू आणि पस्तीस मिनिटं, हे गणित बसत नाही.

त्या जागी आम्ही लंगडी आणली. लंगडीला लोक लहान मुलींचा खेळ समजतात. एका पायावर उडी मारून उतरताना सगळ्या शरीराचा भार त्या एका पायाच्या हाडांवर झटक्याने येतो, आणि हाडाला नेमका असाच झटका हवा असतो. थोडा, जोरात आणि वेगवेगळ्या दिशेने आलेला. खो-खोतलं उठून सुटणं, थांबणं, वळणं हेही तेच करतं. दोरीवरच्या उड्याही. पोहणं आणि सायकल हृदयासाठी, फुप्फुसासाठी उत्तम, पण तिथे भार पाणी किंवा सायकल पेलते, म्हणून हाडाला तेवढा लाभ होत नाही. आपल्या अंगणातल्या खेळांना साहित्य लागत नाही, मोठं मैदान लागत नाही आणि साठच्या साठ मुलं एकाच वेळी हलतात. त्यांना गरिबांचे खेळ म्हणून बाजूला सारणं ही आपली मोठी चूक आहे.

तास संपताना मी मुलांना मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला लावायचो. पंधरा सेकंद मोजायचं आणि चाराने गुणायचं. जूनमध्ये मैदानाला तीन फेऱ्या मारल्यावर एक मिनिट थांबूनही नाडी धडधडत असायची. नोव्हेंबरात त्याच तीन फेऱ्यांनंतर ती लवकर खाली यायची. "सर, माझी उतरली!" असं ओरडत एक मुलगी माझ्याकडे धावत आली होती. संघात कधीच न आलेली, धावण्यात कायम शेवटची. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलं होतं, आणि ते तिला स्वतःच्या बोटांना कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला कुठल्याही ढालीपेक्षा मोठा वाटला.

मुलींबद्दल वेगळं प्रकरण आहे, तरी इथे थोडं सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के. रक्तात लोह कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पोचत नाही, मुलगी दोन फेऱ्यांत बसते, आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने घेतली का, हे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकानेही पाहायला हवं. अंग राठ होण्याच्या भीतीबद्दल एवढंच, की मुलींच्या शरीरात पुरुषी संप्रेरक इतकं कमी असतं की खेळून स्नायू बळकट होतात, राठ नाही. मुली मैदान सोडतात त्याची कारणं बहुतेक वेळा शरीरात नसतात. स्वच्छतागृहाला कडी नसते, पांढरा गणवेश सक्तीचा असतो, मैदानाच्या कडेला उभे राहून टोमणे मारणारे असतात. हे तिन्ही शाळेला एका आठवड्यात दुरुस्त करता येतं. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत होती. पुढे २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीत ती अंतिम फेरीत धावली. तिच्यासारख्या किती जणी आठवीतच घरी बसल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. धावण्याचं रीतसर शिक्षण त्याला सैन्यात गेल्यावर मिळालं. त्याची शाळेची वाट हेच त्याचं मैदान होतं. आज तेवढीच वाट रिक्षाने आणि बसने होते. मुलांची पायपीट वाचली हे चांगलंच झालं, पण त्या पायपिटीतून शरीराला जे मिळत होतं ते दुसरीकडून भरून द्यायची जबाबदारी आता शाळेवर आली आहे.

अभ्यास बुडेल ही भीती खरी आहे, तिला मी हसत नाही. तिला कॅनडातल्या त्र्वा-रिव्हिएर इथल्या प्रयोगाचं उत्तर आहे. १९७० ते ७७ या काळात तिथल्या प्राथमिक शाळांत काही मुलांना रोज एक तास शारीरिक शिक्षण दिलं गेलं आणि तेवढा वेळ अभ्यासातून कमी केला. मुलांचे गुण घसरले नाहीत.

कुस्तीगीर खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडादिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी बहुतेक शाळांत शर्यती होतात आणि त्यात तीच दहा-बारा मुलं धावतात, बाकीची टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांची काळजी आहे. संघातली मुलं कुठेही धावतीलच. वर्गातल्या उरलेल्या पन्नास जणांना धावायला शाळेचा तास हीच एक जागा आहे, आणि हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

पुढच्या प्रकरणांत मापं कशी घ्यायची, नाडी कशी नोंदवायची, साठ मुलांचा तास कसा आखायचा, कुठलं दुखणं थांबवायचं आणि कुठल्यासाठी डॉक्टरांकडे न्यायचं, हे क्रमाने दिलं आहे. शिक्षकांनी ते आपल्या मैदानाप्रमाणे बदलून घ्यावं. मुख्याध्यापकांकडे माझी एकच विनंती आहे. पुस्तक वाचायला सुरुवात करण्याआधी आठवी आणि नववीचं वेळापत्रक काढून पाहावं, त्यातला शारीरिक शिक्षणाचा तास गेल्या महिन्यात किती वेळा मैदानावर झाला ते मोजावं, आणि जो दुसऱ्या विषयाला दिला असेल तो येत्या सोमवारपासून परत करावा.